पाचवं त्याचं

डिसेंबर लागला की आमच्या देवगडात माणूस माणसाला भेटला की तब्येत नंतर विचारतात, आधी "मोहर कसो हा यंदा?" थंडी पडली का, पडली तर टिकणार का, पालवीच आलीय की बोंगे फुटलेत, ढग आहेत म्हणजे आता तुडतुड्यांची कीड येणार, दव पडलं म्हणजे भुरी रोग येणार, आणि हे सगळं बोलत असताना प्रत्येकाच्या हातात फोन, फोनवर विंडी हे हवामानाचं अॅप उघडलेलं आणि त्यात पुढच्या दहा दिवसांचा वारा-पाऊस रंगीत पट्ट्यांमध्ये सरकत असतो. माझे मिस्टर रात्री झोपायच्या आधी बघतात, पहाटे उठल्यावर बघतात. बघायलाच पाहिजे म्हणा, फवारणी कधी करायची ते त्यावरच ठरतं, औषध मारलं आणि तासाभरात पाऊस आला तर पैसे सरळ कातळावर ओतल्यासारखे.

पण बघून पाऊस थांबत नाही. एवढं साधं वाक्य, आणि ते मनात उतरायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

आंब्याच्या एका तुऱ्यावर शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं असतात. त्यातली बरीचशी नर फुलं, त्यांना फळ धरणारच नाही. उरलेल्यांत परागीकरण होईल त्यांची कणी होते, कणीतली बरीच गळते, वाटाण्याएवढी झाली की परत गळते, सुपारीएवढी झाली की परत गळते, आणि शेवटी झेल्यात (आंबा काढायच्या जाळीत) येतो तो आंबा एकूण फुलांच्या एक टक्कासुद्धा नसतो. चांगल्या लागाच्या वर्षीसुद्धा हेच गणित. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा फळगळ बघून माझ्या पोटात गोळा यायचा, झाडाखाली हिरवा सडा पडलेला असायचा आणि आबा (माझे सासरे, सगळा वाडा त्यांना आबाच म्हणतो) त्यावरून शांतपणे चालत जायचे. झाडाला पेलवेल तेवढंच झाड ठेवतं, म्हणायचे. आता कुठलं फूल राहायचं आणि कुठलं जायचं हे बागायतदार ठरवत नाही, कृषी विद्यापीठ ठरवत नाही, आणि तरी दरवर्षी मे महिन्यात आंबा येतोच.

देवावर भरवसा ठेवणं या विषयावर मला बरेच दिवस लिहायचं होतं, कारण आजूबाजूला दोन टोकाची बोलणी ऐकू येतात आणि दोन्ही मला पटत नाहीत. एक म्हणजे "देव बघून घेईल". हे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः काही बघत नसतो. कल्टार (मोहर येण्यासाठी घालतात ते औषध) वेळेवर नाही, खत नाही, फांद्यांची छाटणी नाही, विम्याचा हप्ता भरायची तारीख निघून गेली, आणि मग एप्रिलमध्ये देवाच्या नावाने बोटं मोडायची. दुसरं बोलणं हल्लीचं, मोबाईलवरच्या व्हिडीओंमधून आलेलं, की तुमचं आयुष्य शंभर टक्के तुमच्या हातात आहे, तुम्ही ठरवाल ते होईल, झालं नाही तर तुम्ही मनापासून ठरवलं नव्हतं. हे दुसरं बोलणं मला पहिल्यापेक्षा जास्त निर्दय वाटतं. ज्याची बाग वाऱ्याने गेली, जिचं मूल दगावलं, त्यांना जाऊन सांगा बरं हे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात चौदावा श्लोक आहे. आपल्याकडे "कर्मण्येवाधिकारस्ते" सगळ्यांना पाठ असतं, पण या चौदाव्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही आणि मला तर तो सगळ्यात जास्त उपयोगाला आलाय. कुठलंही काम तडीला जायला पाच कारणं लागतात असं त्यात सांगितलंय. अधिष्ठान म्हणजे जिथे काम घडतं ती जागा, तो आधार (शरीर असाही अर्थ करतात), मग कर्ता म्हणजे करणारा, मग करण म्हणजे वेगवेगळी साधनं, मग चेष्टा म्हणजे निरनिराळे प्रयत्न, आणि शेवटी "दैवं चैवात्र पञ्चमम्", पाचवं दैव. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आमची बागच आली. अधिष्ठान म्हणजे आमचा कातळ, त्यात सुरुंग लावून खड्डे काढून आणि लांबून माती आणून आबांनी लावलेली कलमं. कर्ता म्हणजे आम्ही, घरातली माणसं आणि बागेत राखणीला राहणारे नेपाळी भाऊ. करण म्हणजे पंप, झेला, शिडी, क्रेट, औषधं, ते विंडीसुद्धा त्यातच आलं. चेष्टा म्हणजे पालवीवरच्या पहिल्या फवारणीपासून ते आढी लावून म्हणजे गवतात आंबा पिकत घालून, पेटी भरून वाशीच्या मार्केटला पाठवण्यापर्यंतची सगळी धावपळ.

ही चार झाली. चारही मोठी आहेत, त्यातलं एकही सोडून चालत नाही, आणि चारही नीट केली तरी पाचवं शिल्लक राहतंच. फेब्रुवारीत अचानक आलेला पाऊस, मार्चमध्ये एकदम चढलेला पारा, ज्याने कणी करपून गळते, वाशीत त्याच आठवड्यात कोसळलेला भाव. हे पाचवं आपल्या खात्यात येत नाही. आणि श्लोकात ते पाचवं म्हणून सांगितलंय, पहिलं म्हणून सांगितलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आधी चार कर. मग पाचव्याशी तुझी गाठ.

त्याच्याच पुढे दोन श्लोकांवर म्हटलंय की असं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. रागावून म्हटलेलं नाहीये ते. मला तर ते वाचून सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे सगळा भार माझ्या एकटीच्या डोक्यावर नाही! जे माझं आहे ते चार हिस्से मी जीव तोडून करीन, पाचवा वाहायला कुणीतरी आहे आणि तो माझ्यापेक्षा खूप मोठा आहे.

आता तौक्ते चक्रीवादळाचं सांगते. मे २०२१. एक तर कोरोना, वर्षभर सगळं बंद-चालू, आणि आंबा अजून झाडावर बऱ्यापैकी होता. हवामान खात्याचे इशारे दोन-तीन दिवस आधीपासून येत होते. १६ मेच्या आसपास वादळ आमच्या किनाऱ्याला समांतर वर सरकणार हे कळलं होतं. शेजारपाजारचे काही म्हणत होते की एवढं काही होत नाही, आपल्याकडे वादळं वळून जातात. आबा म्हणाले, "हवामान खात्यान सांगल्यान हा म्हणजे खरा धरूचा." मग जेवढी माणसं मिळाली तेवढी लावून काढता येईल तेवढा आंबा काढला, कोवळा होता तो ठेवला, मांगराचे (बागेतल्या खोपीचे) पत्रे दोरांनी बांधले, वर चिरे ठेवले, गुरं आत घेतली, पाणी भरून ठेवलं, टॉर्च, मेणबत्त्या, काड्यापेटी. हे सगळं झाल्यावर संध्याकाळी आबांनी आंघोळ केली, देवासमोर दिवा लावला, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवाला मोठ्याने सगळं सांगितलं. मी मागे उभी होते. मला वाटलं होतं ते म्हणतील बाग वाचव. तसं काही म्हणाले नाहीत. माणसांना सांभाळ म्हणाले, गुरांना सांभाळ म्हणाले, दर्यात कोण असेल त्याला किनाऱ्याला लाव म्हणाले, आणि आमच्याकडून जेवढं झालं तेवढं आम्ही केलंय, आता तुझं तू बघ.

आणि जेवून झोपले. झोपले म्हणजे खरोखर झोपले. बाहेर तो आवाज, माडांचे झाप धाडधाड पडतायत, वीज तर कधीच गेली होती, आम्ही सगळे ओटीवर एकमेकांना धरून बसलोय आणि आबांचं घोरणं ऐकू येतंय. मला तेव्हा ते कळलं नव्हतं, थोडा रागसुद्धा आला होता. आता कळतं की त्या माणसाने दिवसभरात त्याचे चार हिस्से पूर्ण केले होते आणि पाचवा ज्याचा त्याला दिला होता, मग जागून करायचं काय उरलं?

सकाळी बागेत गेलो तर बघवत नव्हतं. मोठमोठी कलमं मुळासकट आडवी, आंब्याचा खच. मिस्टर खालीच बसले. आबा थोडा वेळ सगळीकडे फिरले, एका झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले (ते झाड त्यांनी लग्नाच्या वर्षी लावलेलं होतं), डोळे पुसले, आणि मग म्हणाले, "देवान न्हेल्यान ता देवाचा, रवला ता आमचा. चला, टोपले घेवन येवा." त्या दिवसापासून आम्ही पडलेल्या कैऱ्या गोळा करून फोडी करत होतो, मीठ लावत होतो, आमचूर वाळवत होतो, वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती, त्यामुळे मुंबईचे नातेवाईक काळजीने अर्धे झाले होते ते वेगळंच. जी झाडं आडवी झाली पण मुळं थोडी जमिनीत होती ती दोर लावून उभी केली, टेकू दिले, त्यातली काही जगली.

आबा रडले ते मी मुद्दाम लिहिलंय. देवावर भरवसा असलेला माणूस रडत नाही, त्याला काही वाटत नाही, असं काहीतरी लोकांच्या डोक्यात असतं. तसं नसतं. दुःख होतंच. फक्त दुःखाच्या वर आणखी एक ओझं असतं ना, की मी असं केलं असतं तर, मी तसं केलं असतं तर, ते ओझं त्यांच्या अंगावर नव्हतं. म्हणून हात लगेच कामाला लागले. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, दापोली या बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या झोपल्या. सुपारी लावल्यावर हाताशी पीक यायला सात-आठ वर्षं जातात. तिकडच्या लोकांनी परत रोपं लावली. साठी-सत्तरीतल्या माणसांनी लावली! सात-आठ वर्षांनी आपण असू की नसू याचा हिशोब करत बसले असते तर एक रोप लागलं नसतं.

गाऱ्हाणं ही गोष्ट कोकणाबाहेरच्या लोकांना फक्त विनोदी नकला ऐकून माहीत असते, म्हणून थोडं सांगते. देवळात गुरव किंवा गावचा मानकरी उभा राहतो, नारळ हातात असतो, आणि देवाला मोठ्याने सगळं सांगतो. बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरा आज तुझ्या पायाकडे इली हत, अमक्याच्या घरात असं झालंय, तमक्याचा मुलगा परदेशात गेलाय, काय चुकला-माकला असात तर सांभाळून घी, आणि तेंका सुखी ठेव रे म्हाराजा. आणि जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" यात मला दोन गोष्टी फार मोठ्या वाटतात. एक म्हणजे मनातलं मनात राहत नाही, तुमची काळजी सगळ्या गावाच्या तोंडून देवापर्यंत जाते. तुम्ही एकटे राहत नाही. आणि दुसरी म्हणजे गाऱ्हाण्यात अडचण सांगतात, मार्ग सांगत नाहीत. सुखी ठेव म्हणतात, कसं ठेव ते सांगत नाहीत. मुलाला नोकरी अमक्याच कंपनीत, एवढ्याच पगाराची, अमुक तारखेच्या आत, असं जुन्याजाणत्या माणसांच्या गाऱ्हाण्यात मी कधी ऐकलं नाही. आपण मात्र देवासमोर हात जोडून पूर्ण प्लॅन सांगतो आणि देवाने फक्त सही करायची.

नवसाबद्दल माझं मत थोडं कडक आहे, कुणाला लागलं तर राग मानू नये. अडलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या तोंडून नवस निघतो, त्याला मी नावं ठेवणार नाही, माझ्या आजीने माझ्यासाठी बोललेला नवस माझ्या आईने कुणकेश्वराच्या देवळात जाऊन फेडलाय. पण "तू हे दिलंस तर मी ते देईन" हा करार झाला. करारात आपण आपल्या बाजूला काहीतरी ताकद ठेवलेली असते. भरवसा म्हणजे हातात काही न ठेवता उभं राहणं, आणि ते नवसापेक्षा फार अवघड आहे.

कौलाचं, म्हणजे देवाला प्रश्न विचारून उत्तर घेण्याचं, तर आणखी नाजूक. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या किंवा भिजवलेले तांदूळ लावायचे, प्रश्न विचारायचा, उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे घर बांधण्यापासून लग्नापर्यंत कौल लावतात आणि मी त्या परंपरेचा मान ठेवते. दोन्ही वाटा सारख्याच बऱ्या आहेत, सगळा विचार करून झालाय आणि तरी मन हलत नाही, तेव्हा देवासमोर बसून घेतलेल्या निर्णयाला जो ठामपणा येतो तो मी पाहिलाय. पण डावा कौल पडला की प्रश्न थोडा फिरवून परत लावायचा, परत डावा आला तर दुसऱ्या देवळात जायचं, उजवा मिळेपर्यंत! मग विचारलं कशाला? ते विचारणं नव्हतंच, आपण आधीच ठरवलेलं देवाकडून वदवून घेणं होतं.

हे सगळं आंब्याच्या, घराच्या, लग्नाच्या बाबतीत बोलायला ठीक. माणसाच्या जिवाशी आलं की मग खरं कळतं.

माझी आई आजारी पडली तेव्हा कॅन्सर पसरलेला होता. गोव्याला नेलं, ऑपरेशन झालं, मग केमो. माझा दादा मुंबईहून यायचा, त्याने एका फाईलमध्ये सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले होते, कुठलं औषध किती वाजता, कुठल्या दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती. ती फाईल फार उपयोगी पडली, डॉक्टरसुद्धा ती मागून घ्यायचे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं, तिसऱ्यांचं घेतलं. हे सगळं करायलाच हवं होतं, परत वेळ आली तर परत करू. पण एक संध्याकाळ अशी आली की तिघांचंही मत एकच आलं होतं, ट्रीटमेंट ठरली होती, करण्यासारखं त्या दिवशी काहीच उरलं नव्हतं, आणि दादा हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून अजून कुणाकुणाला फोन लावत होता, फोनवर तेच तेच वाचत होता, त्याचा चेहरा बघवत नव्हता. मी त्याच्या शेजारी बसले आणि जप करायला लागले. त्याला काही बोलले नाही. काय बोलणार, त्याचं आईवरचं प्रेमच ते, दुसऱ्या कुठल्या रूपात त्याला दाखवता येत नव्हतं.

मी देवाकडे काय मागितलं ते खरं सांगते. आई बरी होऊ दे, एवढंच मागितलं. रोज मागितलं. सुखी ठेव, कसं ते तू बघ, वगैरे काही नाही, सरळ बरी कर. मला वाटतं लेकीने तेच मागावं, आणि देवाला त्याचा राग येत नसावा.

आई बरी झाली नाही. काही महिने घरी होती. माझ्या माहेरी, मागच्या पडवीत तिची खाट लावली होती, कारण तिला तिथून विहीर आणि जास्वंद दिसायची. एकदा मी तिच्याजवळ बसून रडायला लागले तर ती म्हणाली, "माझा काय जावचा ता तेका म्हायत हा. तू आदी पेज जेव." मी पेज जेवले. ती बघत होती. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी शब्दात नीट मांडू शकत नाही, पण एवढं सांगते की त्या खाटेवरची माणूस आमच्या सगळ्यांमध्ये सगळ्यात कमी घाबरलेली होती. ती सगळ्यांची विचारपूस करायची, कुणाची बारावी आहे, कुणाची गाय व्यायलीय, आणि संध्याकाळी हात जोडून पुटपुटायची त्यात तिचं स्वतःचं नाव नसायचं, आमची असायची.

कुणी मला विचारलं की मग देवाने तुझं ऐकलं का, तर मी नाही म्हणणार नाही आणि हो म्हणायलाही जीभ रेटत नाही. मागितलं ते मिळालं नाही हे खरं. पण ते महिने आम्ही नशिबाशी भांडण्यात घालवले नाहीत, तिच्याजवळ घालवले, तिचं डोकं विंचरण्यात, जुन्या गोष्टी ऐकण्यात, तिला हवी ती सोलकढी करण्यात. ते कुठून आलं? माझ्यात ते नव्हतं, मी मला ओळखते. ते दिलं गेलं. माझा यावर विश्वास आहे आणि तो कुणाला पटवून द्यायची मला गरज वाटत नाही.

लेक पुण्याला शिकायला गेली तेव्हा पुन्हा हीच परीक्षा, वेगळ्या रूपात. फोनमध्ये ते लाईव्ह लोकेशन असतं ना, तिने स्वतःहून चालू करून दिलं होतं, आईला बरं वाटेल म्हणून. निळा ठिपका कॉलेजात, निळा ठिपका होस्टेलवर. आणि एखाद्या संध्याकाळी ठिपका भलत्याच रस्त्यावर थांबलेला दिसला की जेवण जात नाही. माझ्या बरोबरीच्या कितीतरी आया रात्री एक-एक वाजेपर्यंत तो ठिपका बघत असतात, मला माहितीये. दिवाळीत ती घरी आली तेव्हा आम्ही दोघींनी बसून ठरवलं की ते बंद करायचं. रात्रीचा प्रवास असेल तर आधी सांगायचं, पोचल्यावर एक मेसेज, मैत्रिणीचा आणि होस्टेलच्या मॅडमचा नंबर माझ्याकडे, बास. तिच्या काळजीसाठी जे माझ्याकडून होण्यासारखं आहे ते एवढंच आहे. तो ठिपका बघून मी तिचं रक्षण करत नव्हते. रोज दिवेलागणीला तिचं नाव घेते, त्यात मात्र खंड नाही.

आता या सगळ्यावरचा खरा अवघड प्रश्न. भरवसा ठेवून सुद्धा दर्यात गेलेली माणसं परत येत नाहीत, त्याचं काय? आमच्या खालच्या वाडीत मच्छीमारांची घरं आहेत. तौक्तेच्या वेळी आमच्या बंदरातच बोटी गेल्या आणि माणसंही गेली. त्यांच्या घरच्यांनी काय देवाला कमी पुजलं होतं? नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला नव्हता? याला उत्तर माझ्याकडे नाही, आणि जो कोणी याला चटकन उत्तर देतो, पूर्वजन्म म्हणा, कर्म म्हणा, त्याने ते त्या घरात जाऊन त्या बाईच्या तोंडावर बोलून दाखवावं. मला वाटतं तिथे गप्प बसावं, तांदूळ-डाळ पोचवावी, पोरांच्या शाळेचं बघावं.

त्या वाडीतल्या एका काकीशी माझं चांगलं जमतं, ती माझ्याकडे मासे घेऊन येते. तिचा नवरा, दोन मुलगे, तिघेही होडीवर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेवढेच दोन महिने ती निवांत असते असं मला वाटायचं. मी तिला एकदा विचारलं, तुला रात्री झोप कशी लागते गो? तर म्हणाली, "काळजी करून होडी मागे येणा नाय बाय, इंजिन बरा असला तर येता." मग मला सगळं सांगितलं, सीझन सुरू व्हायच्या आधी इंजिन कसं उघडून बघतात, लाईफ जॅकेट ती स्वतः मोजून चढवते, वायरलेस चालतो का बघितल्याशिवाय ती कुणाला पाय ठेवू देत नाही, हवामानाचा बावटा लागला की मुलांशी भांडण करून त्यांना घरी बसवते. मी म्हटलं, आणि एवढं करून? तर मासे निवडता निवडताच म्हणाली, "तेच्यावर तो आसा." चार कारणं आणि पाचवं, हिने गीता वाचलेली नाही, तिला ती कुणी सांगितली?

मी स्वतः काय करते ते विचारणाऱ्या मैत्रिणींसाठी लिहिते, यात मोठं काही नाही. संध्याकाळी दिवा लावल्यावर दिवसभराचं जे टेन्शन असेल ते देवासमोर मोठ्याने बोलते, घरात कुणी असलं तरी. नुसतं मनातल्या मनात केलं की ते गोल गोल फिरत राहतं, बोललं की बाहेर पडतं. बोलताना आपोआप कळतं की यातलं माझ्या हातातलं किती, उद्या सकाळी कुणाला फोन करायचाय, कुठला कागद द्यायचाय. तेवढं लक्षात ठेवायचं. मिस्टर मागून कधी कधी "व्हय म्हाराजा" म्हणतात, आधी गंमतीत म्हणायचे, आता तसं वाटत नाही. आणि त्यानंतर जेवताना त्या विषयावर बोलायचं नाही हा आमच्या घरातला नियम, तो पाळणं सगळ्यात कठीण, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये. फळपीक विमा आम्ही दरवर्षी घेतो. काही जण म्हणतात देवावर विश्वास आहे तर विमा कशाला. अहो, विमा हा चेष्टेत मोडतो, चौथ्यात! विम्याचे पैसे ज्यावर ठरतात त्या आमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर किती पाऊस नोंदला जाणार ते आपल्या हातात नाही, पण हप्ता वेळेत भरणं आहे.

गेल्या आठवड्यात माझ्या मामेभावाचा फोन आला. कुणकेश्वरच्या बाजूला जमीन आहे, होमस्टे काढायचाय, कर्ज मोठं आहे, बायको नको म्हणतेय, आणि त्याला वाटतंय की आबांनी गुरवाला सांगून कौल लावावा म्हणजे प्रश्नच मिटला. मी त्याला म्हटलं, आधी समुद्रापासूनचं अंतर नि सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं बघ, ग्रामपंचायतीत जा, पर्यटन खात्याची निवास-न्याहारीची नोंदणी काय आहे ते विचार, मे आणि दिवाळीत खोल्या भरतात पण पावसाळ्याचे चार महिने हप्ता कुठून भरणार ते बायकोबरोबर बसून कागदावर मांड, ती नको का म्हणतेय ते शांतपणे ऐकून घे. एवढं करून दोघांचं मन अजून दोन्हीकडे सारखंच असेल तर मग कौलाचं बघू. तो थोडा नाराज झाला. पण काल परत फोन केला, म्हणे दोघांनी मिळून हिशोब मांडला आणि खोल्या सहाच्या तीन केल्या. सोमवारी बँकेत जातायत. कौल नको म्हणाला, रविवारी देवळात गाऱ्हाणं मात्र घालायचंय, बायकोपण येणार आहे, आणि गाऱ्हाण्यात नेमकं काय सांगायचं यावर त्यांचं अजून बोलणं चाललंय.